डाळ शिजवणारं पाणी

"साहेब, तुमच्या खड्ड्यांनी गावाचं भलं केलं बगा," गयामावशी ताट पुढे सरकवत म्हणाल्या. "आज डाळ पहिल्या लाकडातच शिजली. खार घातला न्हाई, काही न्हाई. नुसती लोण्यावाणी झाली."

वरण खरंच गुळगुळीत झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. ओव्हरसियरच्या नोकरीत कुणी भलं झालं म्हणणं ही नवलाची गोष्ट असते. रस्ता केला तर लोक म्हणतात धूळ उडते. नाली केली तर म्हणतात वास येतो. त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते आठ दिवस टिकलं आणि मग उतरलं, ते कसं उतरलं त्याची ही हकीकत.

तेव्हा निजामी राज्य होतं आणि महायुद्ध चालू होतं. हिंगोलीच्या बाजूला, कयाधू नदीच्या काठी एका लहानशा कसब्यात माझी नेमणूक होती. एक बाजार, एक चावडी, एक मशीद, दोन देवळं, बाकी शेतकऱ्यांची घरं. मी एकटा राहत होतो. शेजारच्या गयामावशी विधवा होत्या आणि दोन वेळचं जेवण मला त्याच करून घालत. गावातली पोरं मला 'नालीसाहेब' म्हणत. समोर नाही म्हणायची, पण ऐकू येईल इतक्या जवळ म्हणायची.

नाव खोटं नव्हतं. मला पाठवलंच होतं नालीसाठी. गावाचं सगळं सांडपाणी, म्हणजे न्हाणीचं, भांड्यांचं, बाजारातलं, खाटकाच्या दुकानातलं, एका नालीतून थेट नदीच्या डोहात पडत होतं. त्याच डोहावर जनावरं पाणी प्यायची आणि माणसं आंघोळ करायची. उन्हाळ्यात कयाधूची धार तुटली की डोह हिरवा व्हायचा आणि वास पार चावडीपर्यंत यायचा.

यावर पुस्तकातला उपाय असा की सांडपाणी आधी एका टाकीत थांबवायचं म्हणजे गाळ खाली बसतो, मग ते खडी-वाळूतून गाळायचं आणि मग सोडायचं. माझ्या नकाशात सिमेंटची पक्की टाकी होती. पण लढाईमुळे सिमेंटचं नाव काढायची सोय नव्हती. चार वेळा मागणी केली. चारही वेळा उत्तर आलं की थांबा. शेवटी मी माझ्या अकलेने काम केलं. नालीचं तोंड डोहापासून वळवून गावाच्या खाली नेलं आणि काठावर तीन खड्डे घेतले. पहिला नुसता गाळ बसायला. दुसऱ्यात दगड आणि खडी. तिसरा नदीच्या वाळूतच काढला. तिथे आलेलं पाणी वाळू पिऊन टाकायची. वर काही दिसायचं नाही, वास यायचा नाही. डोह महिन्याभरात निवळला.

मी फार खूश होतो. आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे खात्याचे जिल्ह्याचे अधिकारी, त्यांनाही रिपोर्ट आवडला. बिनसिमेंटचं काम इतर गावांनाही दाखवू, मी स्वतः मुआयन्याला येतो, असं त्यांचं पत्र आलं. मुआयना म्हणजे इन्स्पेक्शन. मी ते पत्र घडी घालून खिशात ठेवत असे. का, ते विचारू नका.

आता झिऱ्यांबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात नदी आटली की आमच्याकडे लोक वाळूत हातभर, दोन हात खड्डा करतात. त्यात खालून पाणी पाझरतं. तो झिरा. वाटीने घागर भरायची आणि बसून राहायचं, परत पाणी साचेपर्यंत. गावाचे झिरे नेहमी वरच्या अंगाला असत. माझे खड्डे खालच्या अंगाला. मी जागा निवडताना हे पाहिलं होतं. माझ्या खाली पिण्याचं पाणी कुणी घेत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

पण त्या वर्षी वरचे झिरे चैत्रातच आटले. बायका पाणी शोधत वाळूतून खाली सरकत गेल्या. माझ्या तिसऱ्या खड्ड्याच्या पुढे साठेक पावलांवर कुणीतरी हात घातला, तर पाणी लागलं. लागलं म्हणजे भरपूर लागलं. थंड, नितळ, तळ दिसेल असं. आणि वर गयामावशींनी शोध लावला की या पाण्यात डाळ शिजते.

आमच्या काळ्या दगडाच्या मुलखात पाणी जड. तुरीची डाळ तासन् तास चुलीवर उड्या मारत राहते. म्हणून बायका चिमूटभर पापडखार टाकतात. त्यामुळे बिनखाराची डाळ शिजवणारं पाणी म्हणजे त्यांच्या दृष्टीने अमृत. गयामावशींनी हे गावभर सांगितलं. दोन-चार दिवसांत निम्मं गाव त्या झिऱ्यावर. सरपण वाचलं, वेळ वाचला, आणि लोक म्हणू लागले की नालीसाहेबांनी नदी साफ केली म्हणून पाणी गोड झालं. मीही रिपोर्टात लिहून टाकलं की कामामुळे नदीतल्या झिऱ्यांचं पाणी सुधारलं आहे. ते वाक्य आठवलं की अजूनही कान गरम होतात.

त्याच सुमारास वारंग्याकडच्या एका गावात हैजा, म्हणजे कॉलरा, सुरू झाल्याची बातमी आली. अशा वेळी आमचं ठरलेलं काम असे. पिण्याच्या प्रत्येक पाण्यात लाल दवा टाकायची. लाल दवा म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे खडे. पाणी गुलाबी होतं. पाणी चांगलं असेल तर तो रंग बराच वेळ टिकतो. पाण्यात घाण मुरलेली असेल तर दवा तिच्यावरच खर्च होते आणि रंग विटून जातो. मी गावच्या विहिरीत दवा टाकली, रंग टिकला. वरच्या उरल्यासुरल्या झिऱ्यात टाकली, तिथेही टिकला. मग नव्या झिऱ्यात टाकली आणि तिथेच उकिडवा बसलो. गुलाबी पाणी माझ्या डोळ्यांदेखत तपकिरी झालं आणि मग पार फिकं पडलं.

मी परत टाकली. परत तेच.

"पाहा, कसं गोड पाणी हाय," घागर घेऊन थांबलेली एक बाई म्हणाली. "तुमची कडू दवासुदिक पचवून टाकली त्यानं."

मी तिला सांगितलं की हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. ती हसली. "उकळून प्यायला काय आमी आजारी हाव का?"

मी ओंजळीत पाणी घेतलं आणि बोटं एकमेकांवर चोळली. किंचित बुळबुळीत लागलं. आता माझ्या डोक्यात खार आला. डाळीत खार घातल्यावर जे होतं ते या पाण्यात आपोआप होत होतं. मग वाळूतल्या पाण्यात खार आला कुठून? सँपल हैदराबादला पाठवता आलं असतं, पण उत्तर यायला महिना लागला असता. गावात पाण्याची पारख असलेला एकच माणूस होता, म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

सटवाजी परीट. गावाची धुणी त्याच्या घराण्याकडे होती. परटाची भट्टी म्हणजे मोठ्या हंड्यात कपडे खारात उकळायची चूल. लढाईमुळे सोडा मिळत नव्हता, म्हणून सटवाजी नदीकाठच्या खारवट रानातून पांढरी माती खरवडून आणायचा आणि तीच वापरायचा. त्याला तोंडात थेंब टाकून सांगता यायचं की पाणी कुठल्या विहिरीचं. मी त्याच्यासमोर झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या ठेवला.

त्याने बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. जिभेला लावलं नाही. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

"काय वाटतं सटवाजी?"

"न्हाई सांगता येत साहेब."

"तुला सांगता येत नाही?"

"म्हातारा झालो. जीभ गेली." एवढं बोलून तो उठला आणि ओले कपडे पिळायला लागला. मला राग आला. मी त्याला म्हटलं की सरकारी माणसाला खरं सांगितलं की जीव जातो असं वाटतं का तुम्हा लोकांना. तो कपडे पिळत राहिला. मी तणतणत परत आलो.

पुढचे तीन-चार दिवस मी झिऱ्यात सकाळ-संध्याकाळ लाल दवा ओतत राहिलो. दुसरं काही सुचत नव्हतं. झिरा बुजवून टाकावा असं मनात आलं, पण पुरावा नव्हता आणि बायका मलाच त्यात पुरतील अशी भीती होती. शिवाय, खरं सांगतो, खिशातलं पत्रही होतं. खड्डे चुकीच्या जागी आहेत हे मान्य केलं की ते पत्र फाडावं लागणार होतं.

पाचव्या दिवशी गयामावशींनी ताट आपटलं.

"काय केलं तुमी त्या पाण्याला? तुमची लाल दवा टाकून टाकून पार नास केला. पाहा ही डाळ!" डाळीचे दाणे वाटीत वेगळे, टणक. "कालपून अशीच. दोन भारे लाकूड जाळलं मी."

"मावशी, फक्त तुमच्याकडे का सगळ्यांकडे?"

"सगळ्या गावाची उडून राहिली. बाया तुमच्या नावानं बोटं मोडून राहिल्या."

लाल दवा खार मारत नाही, एवढी केमिस्ट्री मला येत होती. मग पाण्यातला खार गेला कुठे? मी जेवता जेवता थांबलो. गेले चार दिवस गावात एक गोष्ट नव्हती. नदीवरून रोज सकाळी येणारा भट्टीचा धूर. मी तसाच उठलो, हात धुतला आणि चपला घातल्या. मावशी मागून ओरडल्या, "आवो, जेवून तर जा!"

सटवाजीची भट्टी नदीच्या खालच्या अंगाला, घाटाशी असायची, असं मी समजत होतो. तिथे नव्हती. शोधत गेलो तर ती माझ्या पहिल्या खड्ड्याच्या वर, नालीच्या अगदी तोंडाशी मांडलेली. राख थंड. बाजूला गावाच्या मळक्या कपड्यांचे ढीग, आणि सटवाजी बाभळीखाली बसलेला. बाभळीच्या फांदीला एक गाठोडं वेगळं टांगलेलं होतं.

मला पाहून तो उभा राहिला. हात जोडले नाहीत, पळालाही नाही.

"भट्टी इथं कधी आणली?" मी विचारलं.

"तुमचे खड्डे झाले तवाच. आधी भट्टीचं पाणी नदीत सोडायचो, तर पाटील शिव्या द्यायचे. तुमच्या नालीत ओतलं की गप्प वाळूत जायचं. कुणाची तकलीफ न्हाई. तुमाला इचारलं न्हाई, ते चुकलं."

"आणि चार दिवस बंद का?"

"तुमी तांब्या ठेवला ना समोर." त्याने बोट चोळून दाखवलं. "बोट लावलं की वळखलं. माझाच खार हाय तो. आपल्या हातचं पाणी माणूस वळखत न्हाई व्हय? तुमाला सांगितलं असतं तर गावानं मला नदीवरून हाकललं असतं. म्हणून भट्टी विझवली. म्हटलं, पाणी आपोआप निवळल, कुणाला कळायचं न्हाई."

चार दिवस तो माणूस गावाच्या शिव्या खात बसला होता. लग्नसराई होती. घराघरातून निरोप येत होते, कपडे कुठं हायत. परटाच्या बायकोला दारात उभं करून लोक बोलत होते. आणि मी त्याला खोटारडा समजून आलो होतो.

"मग आज का सांगून राहिला?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

त्याने बाभळीवरच्या गाठोड्याकडे बोट केलं. "ते सकाळी आलं. एका घरी पाहुणा आला वारंग्याकडून. रात्रीपून ढाळ आन् वांती. त्याच्या अंथरुणाच्या चादरी हायत. भट्टीत घालायच्या आधी कपडे भिजवतो आमी, पहिलं पाणी काढून टाकतो. ते पहिलं पाणी नालीतच जातं साहेब. खार जसा झिऱ्यात जातो तसं हेबी जाणार. म्हणून टांगून ठेवलं. तुमच्याकडंच येत होतो."

खार जातो तर बाकीचंही जातं, हे मी पुस्तकात शिकलो होतो. वाळू गाळ धरते. जे डोळ्यांना दिसत नाही ते तिच्यातून जाऊ शकतं, विशेषतः वाळू भरड असेल आणि अंतर साठच पावलं असेल तर. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले मार्क होते. आणि मीच त्या वाळूतल्या नितळ पाण्याची तारीफ रिपोर्टात लिहिली होती.

"कोणाच्या घरचं आहे हे?"

"ते इचारू नका." आता मात्र तो ठाम झाला. "घराघराचं कापड आमच्या हातात येतं. कुणाच्या घरात काय हाय, आमाला सगळं कळतं. परीट ते बोलत न्हाई. माझ्या बापानं सांगितलेलं हाय."

मी आग्रह केला नाही. आम्ही दोघांनी ते गाठोडं तिथून दूर, उंचावर नेलं, जाळलं आणि राखेवर चुना टाकला. तो म्हणाला की त्या घरी मी सांगतो, चादरी भट्टीत जळाल्या म्हणून. चादरी जाळल्याचा दोषही त्याने स्वतःवर घेतला.

मी त्याच दिवशी माणूस पाठवून मोहतमीम साहेबांना लिहिलं. खड्ड्यांची जागा चुकली आहे, चूक माझी आहे, गावाच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी जात आहे. साहेब मुआयन्याच्या तारखेच्या आधीच येऊन थडकले. हैदराबादचे होते. तापट म्हणून त्यांची ख्याती. टांग्यातून उतरताच म्हणाले, "क्या जी ओव्हरसियर, पिछले हफ्ते लिखे पानी सुधर गया. इस हफ्ते लिखते पानी में गंदगी है. कौनसी बात सच्ची?"

"दुसरी, साहब."

"सबूत?"

"डाळ, साहब."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. खार, भट्टी, बंद भट्टी, न शिजलेली डाळ. सटवाजीचं नाव मात्र घेतलं नाही. ते खड्ड्यांपासून झिऱ्यापर्यंत चालत गेले, पावलं मोजली, वाळू मुठीत घेऊन सोडली. मग म्हणाले, "हौ. बराबर है. अब ये बात गाँववालों को कौन समझाएगा?"

चावडीवर लोक जमले. बायकाही आल्या आणि लांब उभ्या राहिल्या. मी झिरा बुजवायचं म्हटल्यावर एकदम गलका झाला. पाटील उभे राहिले. वजनदार माणूस, गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हतं.

"साहेब, वरचे झिरे आटले. गावच्या एका विहिरीवर सगळं गाव जगणार न्हाई. इतके दिवस लोक हे पाणी पिऊन राहिले, एकतरी माणूस पडलं का? तुमी म्हणता नालीचं पाणी येतं. आमाला तर दिसून न्हाई राहिलं. काहून बुजवायचा झिरा?"

मी वाळू, गाळ, न दिसणारे जंतू यावर बोलायला लागलो. लोक एकमेकांकडे बघून हसले. मोहतमीम साहेब उर्दूत दोन वाक्यं बोलले, तीही वाऱ्यावर गेली. मी लाल दवेचं सांगितलं. एकजण म्हणाला, दवाच जुनी असल.

तेव्हा सटवाजी मागून पुढे आला. त्याला यायला मी सांगितलं नव्हतं. यायला लावू नये असंच मी ठरवलं होतं.

"त्या झिऱ्यात माझ्या भट्टीचं पाणी येऊन राहिलं," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"तुमची डाळ शिजली ती माझ्या खारानं. मी भट्टी बंद केली, तुमची डाळ शिजायची राहिली. कुणाला खरं वाटत नसल तर उद्या भट्टी लावतो. चार-पाच दिसांनी परत शिजल. मग खुशाल प्या. पण बाळंतिणीचं, दुखणाईताचं, लेकराबाळांचं, सगळ्या गावाचं मळकं तिथंच धुतो मी, ते ध्यानात ठेवा."

"आमाला धुण्याचं पाणी पाजलं का रे तू?" कुणीतरी ओरडलं. दोघं-तिघं उठले. मी मध्ये गेलो. मी ओरडून सांगितलं की खड्डे माझे, जागा मी निवडली, त्याचा दोष नाही. लांबून गयामावशींचा आवाज आला, "आन् पाणी गोड हाय म्हणून गावभर मीच सांगत फिरले. मलाबी मारा मग!" त्याने लोक जरा थबकले.

पाटील अजून उभेच होते. सटवाजी त्यांच्याकडे न बघता बोलला. "आन् आजून एक. परवा माझ्याकडं एक गाठोडं आलं. ढाळ-वांतीच्या माणसाचं. कुणाच्या घरचं ते मी सांगणार न्हाई. जीव गेला तरी न्हाई सांगणार. ते जाळलं मी. पण भिजवलं असतं तर आज ते पाणी तुमच्या घागरीत असतं."

पाटलांनी खांबाचा आधार घेतला आणि खाली बसले. मग मान वर न करता म्हणाले, "झिरा बुजवा. परटाला कुणी हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील एकटेच माझ्याकडे आले आणि हैज्याची दवा मागितली. जावयासाठी, म्हणाले. मी दिली आणि काही विचारलं नाही. जावई वाचला.

झिरा बुजवला, पण पाण्याचा प्रश्न उरलाच. तो सुटला शेख अमीन बागवानामुळे. त्यांचा मळा काठावर होता, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असे. ते स्वतःहून आले. "साब, सकाळी दोन घंटे माझी मोट गावासाठी चालल. मळ्याला संध्याकाळी पानी देतो." मोट म्हणजे बैलांनी ओढायचं चामड्याचं मोठं भांडं. पाटात पाणी पडायचं आणि लोक घागरी भरायचे. दोन घरांनी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्याही घागरी रांगेत होत्या. खालच्या वस्तीसाठी मात्र शिवाशिवीमुळे पाटाला दुसरं तोंड काढावं लागलं. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं आणि मी काही केलंही नाही. घागरी भरल्या एवढंच.

सांडपाण्याचं उत्तरही अमीनभाईंच्याच जमिनीत मिळालं. त्यांच्या मळ्याच्या पलीकडे, विहिरीपासून चांगल्या अंतरावर त्यांची काळ्या मातीची पट्टी होती. काळी माती चिकण असते, पाणी धरून ठेवते, वाळूसारखं खाली जाऊ देत नाही. पहिल्या दोन खड्ड्यांतून निघालेलं पाणी आम्ही नदीत न सोडता त्या पट्टीत नेलं आणि तिथे जनावरांचं गवत लावलं. गवताने पाणी पिऊन टाकलं. नदीत थेंबही गेला नाही. भाजीपाला मात्र तिथे लावायचा नाही असं मी अमीनभाईंकडून कबूल करून घेतलं. ते म्हणाले, "साब, मैं बी खाताच ना वो भाजी!" नालीचा नवा चर खणायला गाव आलं. पहिली कुदळ पाटलांनी मारली. सटवाजीची भट्टी त्याच पट्टीच्या कडेला गेली.

हैजा त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या तीन-चार गावांत फिरला. आमच्या गावात पाटलांच्या पाहुण्याखेरीज कुणी पडलं नाही. माझ्या नोकरीतलं सर्वांत मोठं यश कुठलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, आणि त्यात माझा वाटा फार थोडा आहे हेही सांगतो. गयामावशींनी ताट आपटलं नसतं तर मी डाळीकडे पाहिलं नसतं. मोहतमीम साहेबांनी मला घरी बसवलं असतं तर काम तिथेच थांबलं असतं. त्यांनी माझा चुकीचा रिपोर्ट फाडला नाही. त्याच्या खाली माझं दुसरं पत्र टाचलं आणि शेरा मारला की दोन्ही इतर ओव्हरसियरांना दाखवावीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज वाटतं, बरं केलं त्यांनी. या सगळ्यांचे उपकार मी विसरलो नाही.

पुढे मी पुष्कळ गावांत नाल्या आणि खड्डे केले. एक गोष्ट शिकलो. पाण्याबद्दल गावात कुणाला तरी खरं माहीत असतंच. तो सांगत नाही, कारण सांगितल्यावर त्याचं काय होईल हे त्याला चांगलं ठाऊक असतं. तेव्हा आधी त्याला अभय द्यावं, मग लेव्हल, म्हणजे जमिनीचा उतार मोजायची दुर्बीण, लावावी. मी सटवाजीवर तणतणलो नसतो तर चार दिवस वाचले असते.

मोहतमीम साहेब परत निघाले तेव्हा त्यांनी सटवाजीला बोलावून घेतलं होतं. "तुम्हारा नाम सरकार में लिखता मैं. इनाम दिलाता." सटवाजी घाबरला. माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, माझं नाव तेवढं कागदावर घेऊ नका. परटाचं नाव कागदावर गेलं की लोक इचारतात, यानं आजून कुणाकुणाचं सांगितलं." मी त्याला शब्द दिला. सरकारी रिपोर्टात त्याच्या जागी 'एका ग्रामस्थाने' असं आहे. तो जिवंत असेपर्यंत मी त्याचं नाव कुठेही लिहिलं नाही. मागच्या वर्षी तो गेल्याचं कळलं, आणि आज मी हे लिहायला बसलो. त्याचं नाव सटवाजी परीट.